पेशंटचं नाव

डबी बनियनच्या आत, बगलेशी.
लॅबवाली फोनवर म्हणाली होती,
अंगाची ऊब लागू द्या, फ्रीजमध्ये ठेवू नका,
अर्ध्या तासाच्या आत आणा.
घड्याळात आठ वाजून सात मिनिटं झाली होती तेव्हा.
आता सव्वाआठ, आणि रिक्षा
कन्नमवार नगरच्या नाक्यावरच उभी,
पुढे पाण्याचा टँकर आडवा.

उजवा हात छातीशी घट्ट.
रिक्षावाला आरशातून विचारतो,
छातीत दुखतंय का?
छे. छाती मजबूत आहे माझी.
नऊ वर्षं मंडळाच्या तळाच्या थरात उभा होतो,
वर सहा थर चढायचे,
एकदाही गुडघा वाकला नाही.
अशा माणसाकडे कोण बोट दाखवणार?
मीही दाखवलं नाही.

बोट अर्पिताकडे. चार वर्षं.
पिशवी थंड आहे, म्हणाल्या खालच्या गावकरकाकू,
अर्पितानं अख्खा मे महिना सुंठ उकळून घेतली.
पिशवी गरम आहे, म्हणाली मोठी मामी,
मग सुंठ बंद, सब्जा सुरू.
एकाच पिशवीचे दोन हवामान-अंदाज,
दोन्ही ठाम.

कंबरेखाली उशी. मग दोन उशा.
पपईच्या फोडीकडे ती बघायचीही नाही,
जे अजून नव्हतंच
ते पडेल म्हणून.

टेन्शन घेऊ नका, फिरून या, सगळेच म्हणाले.
दापोलीला गेलो. तीन दिवस
एकमेकांना विचारत राहिलो,
टेन्शन नाही ना?

आमचे साहेब म्हणाले, एक दत्तक घ्या,
मग बघा, आपोआप होतं स्वतःचं.
जणू ते कुणाचं लेकरू नव्हेच,
नुसता पायगुण.

नळ्यांत औषध सोडून तिचे फोटो काढले.
ती आत टेबलावर, दातांत ओढणी धरून,
मी बाहेर बाकावर, मोबाइलवर स्कोअर.
डॉक्टर म्हणाल्या, यांचं सगळं व्यवस्थित आहे.
आता तुमची एक साधी तपासणी.
मी हसलो.
घरी आईनं कोपऱ्यात घेऊन विचारलं,
डॉक्टर बदलायचा का रे?

तो कागद वर्षभर लाइट बिलांच्या खाली.

गेल्या रविवारी चुलतभावाच्या बायकोचं डोहाळजेवण.
झोपाळ्याला झेंडू, पाचजणी ओटी भरायला,
अर्पिता आत पुऱ्या तळत होती.
कुणी जा म्हणालं नव्हतं.
कुणी ये असंही म्हणालं नाही.
मला सगळं दिसत होतं.
मी चार पुऱ्या खाल्ल्या,
पाचवी मागितली.

रात्री ती काही बोलली नाही.
बिलांच्या गठ्ठ्यातून कागद काढला
आणि माझ्या उशीवर ठेवला,
घडी उलगडून.

टँकर हलला.
हायवे, मग रमाबाई कॉलनीचा सिग्नल,
एकशे दहा सेकंद, उतरते आकडे.
बगलेत काय आहे ते मला माहीत नव्हतं.
असतील, नसतील, असून चालत नसतील.
दाढी रोज येते, आवाज खणखणीत, रात्रीचं सगळं नीट,
यातलं काहीच
या डबीबद्दल काही सांगत नाही,
हे छत्तिसाव्या वर्षी, रिक्षात कळत होतं.
गुडघे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
जागेवर नव्हते.

घाटकोपर. जिना. काउंटर.
किती वाजताचं?
आठ सात.
तिनं भिंतीवर पाहिलं. आठ पस्तीस. चालेल.
पेशंटचं नाव?

सवयीनं तोंडात आलंच,
अर्पि...
पेन थांबलं.

खोडा ते, म्हणालो.
दीपेश वसंत राऊळ लिहा.

मान वर न करता तिनं लिहिलं,
डबी हातात घेतली,
म्हणाली, कोमट आहे अजून.
बरोबर आणलीत.